पावती आधी, वर्गणी मागून

वाचकांचे प्रश्न : गावपातळीवरच्या निसर्गसंवर्धनासाठी पैसा आणि माणसं कशी जमवायची

प्रश्न : आम्ही बारा जण गावची देवराई आणि तिच्यातला झरा सांभाळतो. संस्था नाही. झऱ्याचा गाळ काढायला आणि ढासळलेला दगडी बांध लावायला ऐंशी हजारांच्या आसपास लागतील. गावात वर्गणी काढावी, की आधी ट्रस्ट करावा?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच ही. अर्ज ऑनलाइन होतो, परवानगी ठरावीक मुदतीची असते आणि मुदत संपली की हिशेब सादर करावा लागतो. ‘गावातल्या गावात कोण विचारतंय?’ असं म्हणून पुष्कळ जण हे टाळतात. मग गावातलाच कोणी रुसला की पहिला अर्ज इथेच जातो.

एकदाच ऐंशी हजार जमवून काम संपवायचं असेल तर एवढं पुरे. दरवर्षी काम चालणार असेल तर नोंदणी करा. सात सभासद असले की सोसायटी कायद्याखाली संस्था होते आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीही धर्मादाय कार्यालयातच होते. घटनेतलं उद्देशाचं कलम मात्र दुसऱ्या संस्थेच्या घटनेवरून उतरवू नका. ‘समाजकल्याणाची विविध कामे’ असं मोघम न लिहिता ‘पर्यावरण, पाणलोट, वने व वन्यजीव यांचे जतन’ असं स्पष्ट लिहा. आयकर कायद्यात हा वेगळा धर्मादाय हेतू मानलेला आहे. मोघम ‘लोकोपयोगी काम’ या सदरात पडलात, तर पुढे कॅलेंडर किंवा टी-शर्ट विकताना विक्रीची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की करसवलतच अडचणीत येते. एका ओळीचा फरक, पण तो नोंदणीच्या दिवशीच करावा लागतो.

वर्गणीच्या आधी सातबारा काढा. देवराई देवस्थानच्या नावावर आहे, वनखात्याच्या की कुणा खातेदाराच्या, यावर परवानगी कुणाची ते ठरतं. कागदावर मालक कुणीही असो, गावकीच्या बैठकीत मानकऱ्यांसमोर विषय ठेवल्याशिवाय कुदळ लावू नका.

पैसे खजिनदाराच्या खात्यावर घेऊ नका. त्याचा क्यूआर कोड पत्रकावर छापला की ती रक्कम बँकेच्या आणि आयकर खात्याच्या लेखी त्याचीच होते. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर पैसे वारसांकडे जातात. दोन सह्यांचं वेगळं खातं हवंच.

‘देवराईसाठी मदत करा’ या हाकेला लोक अकरा रुपये देतात. काम मोडून दाखवा. समजा, गाळ काढायला ४० मजूर-दिवस, ६०० रुपये रोजाने २४,०००; दगड आणि वाहतूक १८,०००; गवंडी आणि हाताखालची माणसं २२,०००; चर, वाटा आणि किरकोळ १६,०००. झाले ८०,०००. आता ‘एका दिवसाचा गाळ, ६०० रुपये’ असं मागता येतं, आणि ज्याला पैसे जमत नाहीत त्याने एक दिवस अंगमेहनत दिली तरी फलकावरचा बाकी रकमेचा आकडा ६०० ने उतरतो. हा फलक देवळाजवळ लावा आणि रोज संध्याकाळी खडूने बदला.

पैसे जास्त जमले तर एक मोह टाळा : झऱ्याला सिमेंटचं टाकं करू नका. दगड कोरडेच रचा. सिमेंटने फटी बुजल्या की बाजूने पाझरणारं पाणी दुसरी वाट धरतं आणि खेकडे-बेडकांची जागाही जाते.

प्रश्न : आमच्या संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी) आहे. टेकडीवरच्या कामासाठी सोसायट्यांमधून यूपीआयने भरपूर देणग्या आल्या, पण निम्म्यांची नावंच कळत नाहीत. काही जण ‘८०जीची पावती कुठे?’ म्हणून मागे लागलेत. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : यूपीआयमुळे देणं सोपं झालं आणि पावती अवघड. स्टेटमेंटमध्ये एक सांकेतिक क्रमांक आणि फार तर अर्धवट नाव दिसतं. ८०जीच्या पावतीला तेवढं पुरत नाही. देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, पॅन किंवा दुसरा मान्य ओळख क्रमांक, रक्कम आणि पैसे कसे आले हे सगळं लागतं. वर्षभराच्या अशा देणग्यांचं विवरण, म्हणजे १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचं. त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र हीच देणगीदाराची खरी पावती. तुमच्या छापील पावतीवर त्याला वजावट मिळत नाही. विवरणाला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोक ‘८०जी’च म्हणत राहतील, पण पावतीवर नवं कलम आणि विवरणाचा चालू नमुना कोणता, हे छपाईआधी सीएंकडून ठरवून घ्या. जुनी पावती पुस्तकं संपवायच्या नादात घोळ होतो.

आता निनावी पैशांचं. ज्या देणगीदाराचं नाव-पत्ता तुमच्या दप्तरी नाही ती देणगी निनावी. अशी रक्कम एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतला जो आकडा मोठा त्याच्यापेक्षा जास्त झाली, तर वरच्या भागावर ३० टक्के कर लागतो. उदाहरणार्थ, वर्षाच्या देणग्या ६,४०,०००, त्यातल्या निनावी १,५०,०००. पाच टक्के होतात ३२,०००, म्हणून मर्यादा १ लाखाची. उरलेल्या ५०,००० वर १५,००० रुपये कर, वर उपकर. टेकडीवरची शंभर-सव्वाशे रोपं जगवायचे पैसे असे गेले.

उपाय साधा आहे. क्यूआर कोड एकटा कुठेच छापू नका. त्याच्याशेजारी दुसरा कोड द्या, तो उघडला की चार रकान्यांचा फॉर्म यावा : नाव, पत्ता, पॅन, यूपीआयचा व्यवहार क्रमांक. दर सोमवारी कुणीतरी एकाने स्टेटमेंट आणि फॉर्म समोरासमोर ठेवून जुळवायचे. ज्यांची नावं लागत नाहीत त्यांच्या रकमा आणि तारखा, पूर्ण व्यवहार क्रमांक न देता, सोसायटीच्या गटावर टाका : ‘१४ तारखेला रात्री ९ च्या सुमारास ५०१ रुपये कुणी पाठवले?’ आठवड्याच्या आत विचारलं तर बहुतेकांना आठवतं. मार्चअखेर विचारलंत तर कुणालाच नाही. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते उत्साही माणसाला न देता नेमस्त माणसाला द्यावं.

रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त घेतलीत तर तुम्हाला अडचण नाही, पण देणाऱ्याला त्या रकमेवर वजावट मिळत नाही. घेण्याआधीच तसं सांगा. वस्तुरूप देणगीलाही, म्हणजे रोपं, टँकर, जुना लॅपटॉप वगैरेंना, वजावट नाही. त्यांना आभाराचं पत्र द्या, ८०जीची पावती नको.

एक स्पष्टच सांगायला हवं. ८०जीची जाहिरात हल्ली पूर्वीइतकी चालत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही आणि पगारदार मोठ्या संख्येने तिकडे गेलेत. जुन्या प्रणालीतसुद्धा ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे १०,००० च्या देणगीवर, वजावट निम्म्याच रकमेची असल्याने, उपकरासह १,५६० रुपयेच वाचतात. तेवढ्यासाठी कुणी देत नाही. टेकडीवर सकाळी फिरायला जाणारा माणूस टेकडीसाठी देतो. त्याला करसवलतीपेक्षा मागच्या पावसाळ्यात लावलेल्यातलं काय जगलं, ते दाखवा.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. संवर्धनाला गावकऱ्यांचा विरोध नाही, पण ‘आम्हाला यात काय?’ असं विचारतात. वेळाससारखा कासव महोत्सव करावा का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर पैशातच द्यायला हवं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आधी घरट्यांचं संरक्षण उभं केलं. महोत्सव त्यानंतर आला, २००६ मध्ये. पर्यटक हॉटेलात न उतरता गावातल्या घरांत उतरतात, घरचं जेवतात आणि पैसे त्या घरात जातात. अंडी वाळूत राहिली तरच पाहुणा येतो, हे घराघराला उमगलं, म्हणून ते टिकलं.

पण क्रम उलटा करू नका. अंडी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतात आणि ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. निदान दोन हंगाम नुसतं संरक्षण करा आणि प्रत्येक घरट्याची तारीख लिहा. त्या वहीवरूनच पाहुण्यांना कधी बोलवायचं ते ठरतं. वही नसेल तर शंभर माणसं शनिवारी येतात आणि पिल्लं मंगळवारी.

कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे वनखात्याशिवाय घरट्याला हात लावता येत नाही. घरटं हलवायचं तर खात्याने नेमलेल्या, शिकवलेल्या कासवमित्रानेच, आणि अंडी पडल्यापासून काही तासांत. उशीर झाला की गर्भ कवचाला आतून चिकटतो. मग अंडं नुसतं फिरलं तरी मरतं. म्हणून उचलताना वरची बाजू वरच ठेवायची, बादलीत खाली ओली वाळू घालायची आणि नवा खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल, तशाच आकाराचा करायचा. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. मोजून संख्या पाटीवर लिहायची.

पैशाची व्यवस्था हंगामाआधी ग्रामसभेत ठरवा. राहण्या-जेवणाचा दर सगळ्या घरांना एक. बुकिंग एकाच फोनवर, आणि घरं पाळीने. हे नसलं की रस्त्यालगतची चार घरं भरतात, वरच्या वाडीला कुणी विचारत नाही, आणि तिसऱ्या वर्षी वरच्या वाडीतूनच तक्रारी सुरू होतात. प्रत्येक पाहुण्यामागे ठरावीक रक्कम कासव निधीत जावी. त्यातून आधी रात्रीच्या गस्तीची मजुरी द्या, मग जाळी आणि बॅटऱ्या. पहाटे तीन वाजता पुळणीवरून चालणारा माणूस फुकट चालणार नाही, आणि त्याने तसं चालावं अशी अपेक्षाही धरू नये.

जाहिरातीत ‘पिल्लं नक्की दिसतील’ असं लिहू नका. ‘दिसली नाहीत तरी पैसे परत मिळणार नाहीत, निधीतला वाटा गस्तीला जातो’ असं लिहिलं तर तक्रारी फार कमी येतात. पिल्लू हातात घेऊन फोटो नाही, फ्लॅश नाही, दोरीच्या पलीकडे पाय नाही. मच्छीमारांना वेगळं बसवून एक माहिती द्या : जाळ्यात अडकलेलं कासव जाळं कापून सोडलं, तर नुकसानभरपाई म्हणून २५,००० रुपयांपर्यंत देण्याची राज्याची योजना २०१८ च्या अखेरीपासून आहे. दाव्याला सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून होडीवर असू द्या.

प्रश्न : एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) गावच्या माळावर एका दिवसात ५,००० झाडं लावायला पैसे देते आहे. घ्यावेत का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : माळावर? नको. माळ म्हणजे मोकळी पडलेली जागा नव्हे. धावीक, खोकड, लांडगा, चंडोल यांचं ते घर आहे आणि धनगरांच्या मेंढरांचं कुरणही. नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी उघड्या गवताळ माळावर जगत होता, झाडांत नव्हे. तिथे खड्डे घेऊन गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावणं म्हणजे संवर्धनाच्या नावाखाली अधिवास मोडणं.

झाडांना योग्य जागा असली तरी हिशेब बघा. ३ बाय ३ मीटरवर ५,००० रोपांना साडेचार हेक्टर, म्हणजे ११ एकर लागतात. फेब्रुवारी ते मे दर दहा दिवसांनी रोपामागे १० लिटर पाणी धरलं तर १२ पाळ्यांचे ६ लाख लिटर झाले. दहा हजारी टँकरच्या ६० खेपा, आणि हे एका उन्हाळ्याचं. निदान दोन उन्हाळे काढावे लागतात. कंपनीच्या प्रस्तावात टोप्या, टी-शर्ट, नाश्ता आणि रोपं असतात. पाणी नसतं.

पैसे नाकारू नका, काम बदलून मागा : कुरणाची राखण, चराईचे आळीपाळीने बंद ठेवायचे पट्टे, आगपट्टे, राखणदाराची तीन वर्षांची मजुरी. सीएसआर नियमांत ‘चालू प्रकल्प’ म्हणून सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत काम धरता येतं. सुटा एक दिवसाचा कार्यक्रम, मॅरेथॉन वा बक्षीस समारंभासारखा, तसाही सीएसआर म्हणून मोजला जात नाही. सीएसआर अधिकाऱ्याला हे दोन मुद्दे लेखी दिलेत तर बोलणं पुढे सरकतं.

तुमच्याकडे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाच्या करमाफीची) आणि ८०जी नोंदणी, सीएसआर-१ चा (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा) क्रमांक आणि तीन वर्षांच्या कामाचा इतिहास हवा. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत बसवा’ असं कंपनी म्हणाली तर अदबीने सांगा की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. हिशेबनीसाचा पगार प्रस्तावात उघडपणे लिहा. लपवला की तो ‘इतर खर्चा’त घुसतो आणि ऑडिटर तिथेच बोट ठेवतो.

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. आमच्या मूळ गावच्या पाणथळीवर काम करणाऱ्या लहान संस्थेला इथल्या मराठी मित्रांकडून पैसे गोळा करून पाठवायचे आहेत.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आधी पासपोर्ट बघा. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गाने देणगी देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. संस्थेने त्याच्या पासपोर्टची प्रत आणि ‘ही माझी वैयक्तिक बचत आहे’ असं पत्र फाइलला ठेवावं. नागरिकत्व बदललं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही देणगी परदेशी. तुम्ही मित्रांचे पैसे स्वतःच्या खात्यात जमवून एकत्र पाठवलेत तर ती तुमची बचत राहत नाही, आणि तिथल्या मंडळाच्या खात्यातून आलेले पैसे तर सरळसरळ परदेशी.

परदेशी देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी लागते. त्यासाठी तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. लहान संस्थेला हे झेपत नाही. दुर्बिणी किंवा ट्रॅप कॅमेरे पाठवले तरी तेही परदेशी देणगीतच मोडतं. तेव्हा भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी ज्याने त्याने आपापल्या खात्यातून पाठवावं. बाकीच्यांनी वेळ द्यावा : उपग्रह नकाशावर पाणथळीची हद्द आखणं, पक्षीनोंदींचे तक्ते नीट लावणं ही कामं न्यू जर्सीतून होतात.

प्रश्न : बक्षिसांची सोडत ठेवून कुपनं विकावीत का? आणि दानपेटी ठेवली तर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सोडत नको. ती लॉटरीच्या कायद्याखाली येते आणि परवानगीच्या भानगडीत पडण्याइतका पैसा त्यात नसतो. दानपेटी ठेवा, पण दोन कुलपं, दोन किल्ल्या दोघांकडे. पेटी दोघांसमोर उघडायची, नोटांची वर्गवारी कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या आणि रक्कम दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी बँकेत भरायची. पेटीतून परस्पर चहापाणी नाही. आणि पेटीतला पैसा निनावीत मोजला जातो, हे वर पुण्याच्या उत्तरात आलंच आहे.

प्रश्न : पावसाळ्यात घाणेरी (टणटणी, लँटाना) काढायला साठ जण येतात, दिवाळीनंतर चारसुद्धा उरत नाहीत. माणसं टिकवायची कशी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : साठ जणांना एकच काम दिलं की पन्नास जण बघे होतात. दोघांची जोडी, एक टिकाव, एक कोयता आणि सुतळीने आखलेला दहा बाय दहा पावलांचा तुकडा. तो तुकडा त्या जोडीचाच, पुढची दोन वर्षं. कामाची जागा वनखात्याची असेल तर लेखी परवानगी आधी घ्या.

आणि पद्धत नीट शिकवा, कारण काम वाया गेलेलं दिसलं की माणसं येत नाहीत. घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते, जाळली तरी फुटते. आधी फांद्या छाटून बाजूला करा. मग बुंध्याभोवतीची माती उकरून मूळ जमिनीखाली चार बोटं कापा, आणि बुंधा मुळं वर करून झुडपाच्या फांद्यांवरच उलटा टेकवा. मातीला टेकला की परत धरतो. काळी फळं धरायच्या आत हे व्हायला हवं, नाहीतर बुलबुल बी पसरवून ठेवतात. पुढच्या पावसात त्याच तुकड्यात वीतभर रोपं उगवलेली दिसतील. ती हाताने सहज उपटतात. हे दुसऱ्या वर्षाचं उपटणं चुकलं की पहिल्या वर्षाचं सगळं फुकट.

जोडीचा तुकडा ठरलेला असला की ती माणसं आपणहून बघायला येतात : आपल्या चौकोनात काय उगवलं, शेजारच्यांच्यात किती राहिलंय. डिसेंबरात पक्षी मोजणी, उन्हाळ्यात पाणवठ्यांची देखभाल अशी दीड-दोन तासांची लहान कामं त्याच जोड्यांना द्या. वेळ संपली की सोडा. अकराला संपणार म्हणून सांगून एकपर्यंत थांबवलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

प्रश्न : दोन विश्वस्त बदलले, पण बँक सह्या बदलून देत नाही. निधी अडकलाय.
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नसेल तर विलंब माफीच्या अर्जासह आजच द्या. बँक बहुधा मंजूर बदल अर्जाची आणि ताज्या परिशिष्ट १ ची (न्यासाच्या नोंदवहीतल्या उताऱ्याची) प्रत मागते. ठराव, सभेची नोटीस पोचल्याचा पुरावा, जुन्या विश्वस्ताचं राजीनामापत्र किंवा मृत्यूचा दाखला आणि नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र जोडा. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नोटिशीवर : सभा खरोखर घेतलेली असते, पण नोटीस व्हॉट्सॲपवर टाकलेली आणि घटनेत ‘लेखी, सात दिवस आधी’ लिहिलेलं. तसं झालं असेल तर घटनेप्रमाणे पुन्हा सभा बोलवा आणि नोटीस पोचल्याच्या सह्या वहीत घ्या.